बाळाची पहिली घुटी

भगिनींनो, काशीत बाळ जन्मताच त्याच्या ओठांना मध किंवा गंगाजल लावण्याची चाल आपणांस परिचित आहे. आईचा पहिला पिवळसर चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकला जातो. गाईच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारीत खातो, हे विशेष! चीक थोडाच येतो. पण रोगप्रतिकारक द्रव्ये त्यातच विपुल असतात. म्हणून तासाभरात बाळास अंगावर पाजावे.

मधाने क्वचित प्राणघातक विषबाधा होते. तो वर्षभर वर्ज्य. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सहा महिने केवळ स्तनपानाची शिफारस केली. वैशाखातही वरचे पाणी नको. दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. पहिले न्हाणे चोवीस तासांनंतर. नाकाकानांत तेल नको. आजीबाईंचा आग्रहच असेल, तर गंगाजल उंबऱ्यावर शिंपडावे.