कळणं आणि बघत राहणं

सप्टेंबर २०२५च्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यावर आभाळ फाटलं. जायकवाडी धरणाचे सगळे, म्हणजे २७, दरवाजे उघडावे लागले आणि गोदावरीत दोन लाख क्युसेकहून जास्त पाणी सुटलं. पैठणला काठावर राहणाऱ्या माणसाला त्या वेळी विसर्गाचा प्रत्येक आकडा हवाच होता. आकडा वाढला की गुरं सोडायची, धान्याची पोती वर चढवायची, म्हाताऱ्यांना घेऊन निघायचं. त्याच्या भीतीला काम होतं.

इथे छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत, गारखेड्यात, कोरड्या घरांतही तेच पाणी मोबाइलवर वाहत होतं. वाहून जाणारी जनावरं, पाण्यात कुजणारं सोयाबीन, बांधावर रडणारा शेतकरी. एक रील संपली की दुसरी. खऱ्या संकटात शरीर जे करतं ते इथेही करतं. छाती धडधडते, धाप लागते, झोप उडते. पण धावायला कुठे जायचं नसतं, म्हणून ती भीती अंगातच मुरते. काही जण चिडचिडे होतात, काही बधिर. मला बधिर होणाऱ्यांची जास्त काळजी वाटते, कारण मदतीसाठी हात पुढे करायची वेळ येते तेव्हा ते आधीच थकलेले असतात.

बघण्याचा हा ताण नुसता अंदाज नाही. २०१३मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर संशोधक ॲलिसन होलमन, रॉक्सेन कोहेन सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. पहिल्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्या बातम्यांत घालवणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाशी संबंध आलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. मुळात घाबरट माणसंच जास्त बघत असतील, ही शंका रास्त आहे. याच संशोधकांच्या २०१९मधल्या अभ्यासात दोन्ही गोष्टी दिसल्या: बघण्याने काळजी वाढते, आणि काळजी पुढच्या अशा हल्ल्याच्या वेळी आणखी बघायला लावते.

पुराने वेढलेल्या परंड्यात आईवडील आणि आपण पुण्यात, अशा मुलाला मी ‘बघू नकोस’ कशी म्हणू? किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३मध्ये, दूरच्या नातेवाइकांनी निरोपाची वाट बघत काढलेले दिवस काही सुखाचे नव्हते. पण त्या मुलाने सरपंचाला किंवा शेजाऱ्याला फोन लावावा. रील त्याला त्याच्या घराबद्दल काहीच सांगत नाही. ती या वर्षाची आहे की नाही, हेही अनेकदा कळत नाही.

आणि आपल्या उंबऱ्याशी, करमाडजवळ घडलेली रेल्वे दुर्घटना विसरता येत नाही. ८ मे २०२०च्या पहाटे, जालन्याहून रुळांच्या कडेने भुसावळकडे चालत निघालेले आणि थकून रुळांवरच झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो देशभर फिरला. तो एकदा पाहणं आवश्यक होतं, असं मी आजही मानते. त्याने टाळेबंदीतल्या मजुरांची पायपीट डोळ्यांसमोर आणली. पण तो दिवसभर स्टेटसवर ठेवताना, मध्य प्रदेशातल्या उमरिया-शहडोलकडच्या त्यांच्या मुलांच्या हातातही मोबाइल असेल, हे किती जणांच्या मनात आलं?

पूर ओसरून आठवडे झाले तरी ती दृश्यं डोळ्यांसमोरून हलत नसतील, झोप लागत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या मुलांना मात्र आज रात्रीच विचारा, त्यांनी काय काय पाहिलं ते. ती आपण होऊन सहसा सांगत नाहीत.