नाव एक, नोंदी अनेक

गावाचे वा प्रांताचे नाव पालटणे ही राज्यसंस्थेस फारशी अवघड गोष्ट नसते. बीदर तालुक्यातील जनवाडा येथे राहणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहस्थाने आपले घर जन्मात सोडलेले नसले, तरी त्याचा पत्ता अनेकदा बदललेला असतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी तो हैदराबाद राज्यात होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्याच म्हैसूरचे कर्नाटक झाले. जवळच्या गुलबर्ग्यास २०१४ साली कलबुर्गी हे नाव मिळाले, आणि २०१९ साली हैदराबाद-कर्नाटक हा विभाग कल्याण कर्नाटक म्हणून ओळखला जाऊ लागला. सरकारने निर्णय जाहीर केला आणि व्यवहार पुढे सुरू राहिला. जुन्या दस्तावर ‘म्हैसूर’ असे लिहिले आहे, एवढ्यावरून तो दस्त रद्द ठरला नाही. त्याच गृहस्थाच्या स्वतःच्या नावात मात्र एका अक्षराचे अंतर पडले, तर ते निस्तरण्याचा सर्व भार त्याच्या एकट्याच्या शिरावर येतो.

हे अंतर पडते कसे, हे या सीमाभागात सहज कळून येते. घरात नाव मराठीत उच्चारले जाते. निजामाच्या अमदानीत दप्तर उर्दूचे होते. उर्दू लिपीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांना स्वतंत्र अक्षर नाही; तेव्हा गणपतचा ‘गनपत’ आणि बाळूचा ‘बालू’ होण्यास कारकुनाचा आळस कारणीभूत असावाच लागत नाही. पुढे कन्नड दप्तर आले. कन्नडात ‘ण’ आणि ‘ळ’ दोन्ही आहेत. परंतु त्या भाषेच्या वळणाने गणपतचा ‘गणपती’ होतो. त्यानंतर इंग्रजी अक्षरे आली. त्या अक्षरांत काळे आणि काले यांच्यातील भेदच नाहीसा होतो. अशा रीतीने पणजोबांपासून पणतूपर्यंत एकाच घराण्याचे नाव तीन लिप्यांतून प्रवास करते, आणि प्रत्येक मुक्कामी काहीतरी सांडते.

लिपीप्रमाणेच नावाची घडणही निरनिराळी असते. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे तीन शब्द सांगतो. बीदरकडील कन्नड नोंदींत पुष्कळदा नाव आणि पुढे ‘तंदे’, म्हणजे वडील अमुक, एवढेच येते. आडनाव गळून पडते. त्यात महाराष्ट्राने १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदीत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय केला. निर्णय स्तुत्य आहे. परंतु सीमेच्या अलीकडे व पलीकडे वाढणाऱ्या दोन मावसभावांची नावे यापुढे निराळ्या साच्यांत बसणार, हेही तितकेच खरे.

म्हणून नाव बदलावयास निघालेल्याने प्रथम एक विचार करावा : नाव बदलावयाचे आहे, की चुकलेले नाव दुरुस्त करावयाचे आहे? या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि दुसरी बहुधा स्वस्त असते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातील कलम १५ अन्वये निबंधकास जन्मनोंदीतील चूक सुधारता येते. मूळ नोंद तशीच राखून समासात दुरुस्ती लिहिली जाते. बारशापूर्वी नोंद झाल्याने नावाचा रकाना कोरा राहिला असेल, तर नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत ते नाव विनाशुल्क भरता येते. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क देऊन भरता येते. शाळेच्या पटावरील चूक मुलगा शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. दाखला हाती पडून वर्षे लोटली म्हणजे तेच काम दुष्कर होते.

आता खऱ्याखुऱ्या बदलाविषयी. कोणी दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेले ‘धोंडू’ वा ‘दगडू’ हे नाव नको म्हणतो, कोणास आडनावातून प्रकट होणारी जात नको असते. नागरिकाने नाव कसे बदलावे, याविषयी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. रूढ झालेली पद्धत तीन पायऱ्यांची आहे. प्रथम जुने नाव, नवे नाव व कारण नमूद करून प्रतिज्ञापत्र करावयाचे. नंतर वृत्तपत्रांत जाहिरात द्यावयाची. शेवटी राजपत्रात प्रसिद्धी. महाराष्ट्रात हे काम शासकीय मुद्रण संचालनालयाकडे असून अशा सूचना राज्य राजपत्राच्या दुसऱ्या भागात छापल्या जातात. केंद्र शासनाच्या राजपत्रासाठी दिल्लीच्या प्रकाशन विभागाकडे अर्ज करावा लागतो; तेथील शुल्क प्रौढ व्यक्तीस १,१०० रुपयांच्या घरात असून अज्ञान मुलाकरिता ते अधिक आहे.

हा आकडा ऐकून खर्च आटोपला असे समजणे ही फसगत होय. राजपत्राची प्रत हाती आली म्हणजे खरे काम सुरू होते. आधारपत्रावरील नाव आयुष्यात सामान्यतः दोनच वेळा पालटता येते, आणि संपूर्ण नाव बदलल्यास राजपत्र मागितले जाते. ऑक्टोबर २०२५ पासून अशा दुरुस्तीचे शुल्क ७५ रुपये आहे. त्यामागोमाग प्राप्तिकराचे पॅनकार्ड, बँकेचे खाते, मतदारयादी, शिधापत्रिका आणि शेवटी जमिनीची पहाणी. एकेका ठिकाणचे शुल्क थोडे असते. परंतु जनवाड्याहून बीदरच्या कचेरीत जाण्यात मोडलेला मजुरीचा दिवस कोणत्याही पावतीवर लिहिला जात नाही. सर्वांत मोठा खर्च तोच.

या खर्चाचा सर्वाधिक चटका बसतो तो स्त्रियांना. १९५६ साली बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, परंतु सोयरिकी तुटल्या नाहीत. जनवाड्याची मुलगी उदगीरला सून म्हणून जाते. ताटातील तांदळांत तिचे नवे नाव लिहिले जाते. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. तो रूढीचा भाग आहे. पुढे वडील वारतात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. परंतु कचेरीत तिला प्रथम हे सिद्ध करावे लागते, की जनवाड्याच्या शाळेच्या पटावरील ती मुलगी आणि उदगीरच्या शिधापत्रिकेवरील ही गृहिणी एकच होय. तो पुरावा नसेल, तर कायद्याने दिलेला वाटा कागदाच्या अभावी अडकून पडतो.

तरुणांचीही गत निराळी नाही. राज्यघटनेच्या कलम ३७१-जे मुळे या विभागातील उमेदवारांसाठी शिक्षणात व नोकरीत जागा राखीव आहेत. त्यासाठी लागणारा दाखला जन्माच्या, वास्तव्याच्या व आईवडिलांच्या कागदांवर अवलंबून असतो. बापाचे नाव एका कागदावर आडनावासह आणि दुसऱ्यावर आडनावावाचून असेल, तर अर्जाची मुदत संपत आली असताना मुलगा प्रतिज्ञापत्रासाठी धावत सुटतो.

२०२१ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळासंबंधीच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले, की स्वतःच्या नावावर व्यक्तीचा अधिकार असणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय. वाजवी अटी घालता येतील, परंतु सरसकट नकार देता येणार नाही. तत्त्व निःसंशय मोठे आहे. ते कचेरीच्या खिडकीपर्यंत पोहोचावयाचे, तर एक साधा भेद तेथे मानला गेला पाहिजे. ज्याने स्वेच्छेने नाव बदलले, त्याने त्याचा खर्च सोसावा, हे रास्त आहे. लिपी बदलताना दप्तरानेच ज्याचे नाव बिघडविले, त्याच्याकडून मात्र शुल्क व हेलपाटे का घ्यावेत?

तो न्याय मिळेपर्यंत शहाणपण एवढेच, की घरातील सर्व कागद एकदा समोर मांडून नावे ताडून पाहावीत, गरज पडण्यापूर्वीच दुरुस्तीचा अर्ज द्यावा, आणि नवे नाव मिळाले तरी जुने कागद फाडू नयेत. नव्या नावाची साक्ष अखेर जुनेच नाव देत असते.