थकव्यामागचा रक्तक्षय



जिना चढताना घरातील स्त्रीला धाप लागली की ‘वय झाले’ असे म्हटले जाते. मुलगी वर्गात पेंगली की ती आळशी ठरते. रक्त तपासण्याचे मात्र कोणास सुचत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला; पुरुषांत २५ टक्के. १५ ते १९ वर्षांच्या मुलींत तर ५९ टक्के!

गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असले, तर तो रक्तक्षय. लोहाची उणीव हे त्याचे प्रमुख कारण. मासिक पाळीत लोह जाते आणि सर्वांना वाढून उरले तेवढेच जेवणाऱ्या बाईच्या ताटातून ते भरून येत नाही. त्यात जेवणालगतचा चहा अन्नातील लोह शोषू देत नाही. उसळीवर लिंबू पिळल्याने ते अधिक शोषले जाते खरे, परंतु मुरलेला रक्तक्षय तेवढ्याने हटत नाही, गोळ्याच लागतात. त्यांनी शौचास काळसर होते, आणि अनेकजणी घाबरून गोळ्या सोडतात. वस्तुतः तो रंग लोहाचाच असतो. हिमोग्लोबिन वाढल्यावरही शरीरातील साठा भरावा म्हणून डॉक्टर गोळ्या काही महिने चालू ठेवतात.

पाळीत अतिरक्तस्राव होत असेल, तर त्याचे कारण स्त्रीरोगतज्ज्ञाकडूनच शोधून घ्यावे. शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. थॅलेसेमियाची वाहक असलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन मुळातच थोडे कमी असू शकते. गोळ्या नियमित घेऊनही ते वाढत नसल्यास पुढील तपासणी करावी लागते.