बारा मोठी की वीस?



वसंतातल्या या व्यासपीठावर बंदुकीचा विषय निघावा याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. म्हणून आरंभीच खुलासा करतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी आपल्याकडील हौसेच्या शिकारीचा अध्याय मिटविला, आणि ते योग्यच झाले असे आम्ही मानतो. पण छऱ्यांची बंदूक नाहीशी झालेली नाही. नेमबाजीच्या मैदानावर ती आहे, परवानाधारकांच्या घरी आहे, परदेशांत बदकांच्या शिकारीत आहे. तेव्हा तिच्याविषयीचे गैरसमज दूर केलेले बरे.

पहिला गैरसमज आकड्याचा. वीस बोअरची बंदूक बारा बोअरपेक्षा मोठी, असे आम्हीही एके काळी समजत होतो. प्रत्यक्षात हिशेब उलटा आहे. एक पौंड शिसे घेऊन त्याच्या सारख्या बारा गोळ्या कराव्यात. त्यांतील एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. वीस गोळ्या केल्या की गोळी लहान आणि नळी अरुंद. बाराची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर रुंद, तर विसाची १५.६. चारशेदहा मात्र या पंक्तीत बसत नाही. तो इंचाचा दशांश आहे, ०.४१० इंच.

दुसरा गैरसमज अधिक घातक. रुंद नळीची बंदूक लांब मारते आणि जोरात मारते, असे पुष्कळांना वाटते. परंतु एकाच नंबरचा छर्रा दोन्ही नळ्यांतून साधारण सारख्याच वेगाने सुटतो. फरक पडतो तो संख्येत. अमेरिकन मापाचे सहा नंबरचे शिशाचे छर्रे एका औंसात सुमारे २२५ भरतात. बाराच्या काडतुसात सव्वा नव्हे, पण एक अष्टमांश अधिक एक औंस घातले तर ते २५३ होतात. विसाच्या काडतुसात सात अष्टमांश औंस घातले तर १९७. दाणा तोच, मूठ लहान. मूठभर धान्य लांब फेकले की ते विरळ पडते, तसेच हे छर्रे अंतरासरशी पांगतात. विरळ छऱ्यांत सापडलेला पक्षी मरत नाही. एखाददुसरा छर्रा घेऊन उडून जातो आणि कुठेतरी झुडपात तडफडतो. म्हणून वीस बोअर हाती घेणाऱ्याने अंतर कमी ठेवले पाहिजे. हलक्या बंदुकीची किंमत संयमाने चुकवावी लागते.

मग बाराच का घेऊ नये? कारण वजन. औंसांतील छऱ्यांच्या शहाण्णवपट बंदुकीचे वजन असावे, असा इंग्रज बंदूककारांचा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने वरील बाराची बंदूक पावणेसात पौंडांची, विसाची सव्वापाच पौंडांची. दिवसभर रान तुडविणाऱ्याला हा दीड पौंड जाणवतो. उलट, हलक्या बंदुकीत भारी काडतूस भरले की खांद्याला दणका बसतो.

मैदानावरचा दाखला तर बोलका आहे. बिकानेरच्या कर्णीसिंहांनी १९६२ मध्ये कैरो येथे जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये. आज ऑलिंपिकमध्ये अकरा सेंटिमीटरची मातीची तबकडी फोडणारे नेमबाज सामान्यतः बारा बोअरच वापरतात, पण काडतुसात छर्रे असतात अवघे २४ ग्रॅम, म्हणजे विसाच्या काडतुसाइतके! मोठ्या नळीत मोठा भार भरलाच पाहिजे, असे नाही.

शेवटी एक इशारा. वीसचे काडतूस चुकून बाराच्या नळीत गेले, तर ते घसरून पुढे अडकते. नळी रिकामी भासते; माणूस मागून बाराचे काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी हातातच फुटते. असे अपघात घडले, म्हणूनच वीसची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा पडली. पण रंगावर विसंबू नका. दोन मापांची काडतुसे एका खिशात कधीही ठेवू नका, आणि शंका आली की नळीतून आरपार उजेड दिसतो की नाही ते पाहा. बारा मोठी की वीस, याचा वाद सावकाश घालता येईल. तो घालायला दोन्ही हात शाबूत असले पाहिजेत.