ग्लॅडिएटर आणि गोठलेलें तळें

एकावर एक असे दोन पंख घेऊन उडणारें विमान आजच्या मुलांना खेळणें वाटेल. परंतु पहिल्या महायुद्धानंतर पंधरा-सोळा वर्षें लढाऊ विमान म्हटलें कीं बहुधा हेंच रूप डोळ्यांपुढें येई, आणि तें विनाकारण नव्हे. आखूड पंखांची जोडी खांबांनीं व ताणलेल्या तारांनीं बांधली म्हणजे चौकट हलकी असूनही भक्कम होते. असें विमान थोडक्या जागेंत गर्रकन् वळतें. दोष एकच, पण मोठा: तेच खांब नि त्याच तारा वारा अडवितात आणि वेग खातात.

इंग्लंडांतील ग्लॉस्टर कंपनीचे रचनाकार हेन्री फॉलंड यांनीं हा दोष होईल तितका कमी करून 'ग्लॅडिएटर' घडविलें. खांब घटविले, वैमानिकाच्या डोक्यावर कांचेचें सरकतें छत दिलें, दोनांऐवजीं चार मशीनगन बसविल्या. वेग ताशीं सुमारें २५० मैल. पहिला नमुना सप्टेंबर १९३४ मध्यें उडाला. सैन्यांत विमान आलें १९३७ च्या आरंभीं. तोंवर एकपंखी हरिकेन व स्पिटफायर यांचे नमुने उडूनही गेले होते. जातींतलें उत्तम विमान, पण जातच मोडीत निघालेली!

माल्टा बेटावर या विमानांनीं १९४० मध्यें इटलीशीं दिलेली झुंज बहुतेकांनीं ऐकलेली असते. नॉर्वेची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते.

२४ एप्रिल १९४० रोजीं 'ग्लोरियस' या विमानवाहू जहाजावरून २६३ व्या तुकडीचीं अठरा ग्लॅडिएटर विमानें उडालीं आणि लेस्यास्कोग येथील गोठलेल्या तळ्यावर उतरलीं. विमानतळ असा नव्हताच. बर्फ झाडून काढलेली एक पट्टी, एवढेंच. यंत्रांची देखभाल करणारे हात थोडे, साहित्य त्याहून थोडें. रात्रीं अशी कडाक्याची थंडी पडली कीं पहांटे कार्बुरेटर गोठलेले, सुकाणूंच्या तारा ताठरलेल्या! यंत्रें चालूं करण्याची धडपड चालली असतांनाच जर्मन बाँबफेकी विमानें आलीं. जीं कांहीं उडालीं तीं शर्थीनें लढलीं. पण बहुतेकांचा नाश आकाशांत झाला नाहीं, उभ्या जागींच झाला. अडीचशें मैलांचा वेग काय, चार मशीनगन काय, चाक हलल्यावांचून सारें व्यर्थ. दोन-तीन दिवसांत तुकडीजवळ लढण्यायोग्य एकही विमान उरलें नाहीं.

तुकडी मे महिन्यांत नवीं विमानें घेऊन नॉर्वेच्या उत्तर भागांत परतली आणि नार्विकच्या लढाईंत तिनें चांगलेंच नांव मिळविलें. माघारीचा हुकूम आला तेव्हां उरलेलीं ग्लॅडिएटर विमानें वैमानिकांनीं सुखरूप 'ग्लोरियस'वर उतरविलीं. दुसऱ्याच दिवशीं, ८ जून रोजीं, जर्मन युद्धनौकांनीं तें जहाज बुडविलें. ग्लॅडिएटर घेऊन आलेल्या त्या वैमानिकांपैकीं कोणी वांचलें नाहीं.

लेस्यास्कोगच्या तळ्यावर राहिलेलीं मोडकीं विमानें बर्फ वितळल्यावर पाण्याखालीं गेलीं. त्यांतील एकाचा सांगाडा पुढें कित्येक वर्षांनीं वर काढण्यांत आला.