रविवार कोणाचा?

(महोत्सवाच्या पूर्वसंध्येस केलेलें भाषण)



फुरसत हा शब्द ऐकतांच पुष्कळांस आळसाची शंका येते. वसईच्या वाडीवाल्यास तर रिकामें बसणें पापच वाटतें. परंतु विसावा ही आळशाची मागणी नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळीं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुटी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून ती मागितली; १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षींच्या एप्रिलांतील कामगारसभेंत दोन स्त्रियाही बोलल्या होत्या. पुढच्या वर्षीं पोप तेरावे लिओ यांनीं 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकांत रविवारच्या विश्रांतीचा कैवार घेतला. मात्र ती उधळपट्टीसाठीं नव्हे, देवाकडे मन वळविण्यासाठीं, असें बजाविलें.

आतां आपल्या घरीं येऊं. मिस्सा आटोपून घरधनी ओसरीवर पाय पसरतो, मुलें मोबाइलांत डोकें घालतात, आणि सूनबाईपुढें आठवड्याचें धुणें व पाहुण्यांचा स्वयंपाक. शनिवारपर्यंत विरार लोकलमध्यें उभी राहून चर्चगेटला नोकरीस जाणारी तीच ही बाई. तिचा रविवार कोणीं घेतला? निर्गमाच्या विसाव्या अध्यायांत विसावा कोणास द्यावा त्याची यादी आहे: पुत्र, कन्या, दास, दासी, गुरेंढोरें, वेशीच्या आंतील परका. पत्नीचें नांव तींत नाहीं. आम्हां पुरुषांनीं ह्याचा अर्थ फार सोयीनें लाविला, असें आम्हांस वाटतें. ज्या आज्ञेनें जनावराच्या मानेवरील जूं उतरविलें, ती घरच्या लक्ष्मीस कामास जुंपील काय?

आमचेही हात स्वच्छ नाहींत. मिस्सानंतर सभा, सभेनंतर तालीम, हें आम्हींच लाविलें. गेल्या पावसाळ्यांत एका माउलीनें विचारिलें, "फादर, तुमची मिटिंग संपल्यावर माझा रविवार सुरू होणार कीं सोमवार?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तेव्हांपासून महिन्यांतील दोन रविवारीं मिस्साखेरीज देवळांत कांहीं ठेवीत नाहीं. महोत्सव समितीस हें अडचणीचें झालें, होवो.

तूर्त एवढेंच मागणें आहे. येत्या रविवारीं घरांतील पुरुषांनीं भात लावावा, मुलांनीं भांडीं घासावीं, आणि माउलीनें ओसरीवर निवांत बसावें. जप करावा, शेजारणीशीं बोलावें, वाटल्यास नुसतें माडांकडे पाहावें. भात करपला तर आम्हांस बोलवा. आम्ही येऊन जेवूं.