चुकीच्या जागी बसलेला मैलाचा दगड

लहानपणी पारोळ्याकडून बैलगाडीने धुळ्याला जाताना ‘किती राहिलं?’ विचारलं की आजोबा म्हणायचे, ‘अजून चार दगड.’ १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली, पुढे मैलाचे किलोमीटर झाले. आजोबा मात्र नव्या दगडालाही मैलच समजत आणि धुळं उगाच लांब पडलं म्हणून कुरकुरत.

पुढे राष्ट्रीय महामार्ग सहाचा त्रेपन्न झाला, चौपदरीकरण आलं. त्यात उखडलेला एक जुना दगड मी शेतात आणून बांधावर रोवला. त्यावरचं ‘धुळे’ अजून वाचता येतं. आकडा मात्र आता खोटा. तिथून धुळं तेवढं नाहीच. आजोबा असते तर त्यांनी आधी मलाच झापलं असतं. आता चुलतभाऊ म्हणतो, दगड त्याच्या हद्दीत आहे.